खिशातले पेव

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, मध्यमवर्गीय घरांतून एकच देखावा दिसतो. माळे रिकामे होतात, ट्रंका उघडल्या जातात, पितळेची भांडी चिंचेच्या कोळाने उजळतात, आणि 'हे ठेवायचे की टाकायचे?' या प्रश्नावरून घरात लहानसहान लढाया होतात. पूर्वी या लढाया जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांवरून आणि मोडक्या पाळण्यांवरून होत. अलीकडच्या काही वर्षांत वादाला एक नवा जिन्नस मिळाला आहे. काळ्या-निळ्या प्लॅस्टिकच्या, तळहाताएवढ्या चौकोनी चकत्या. एका कडेला पत्र्याची सरकती झडप, आणि वर चिकटवलेल्या कागदावर बॉलपेनने लिहिलेले 'सोसायटी हिशेब', 'ताईचा प्रबंध', 'मुंजीची यादी' असे काहीतरी. या फ्लॉप्या. घरातल्या कुठल्याच यंत्रात त्या आज जात नाहीत. बाजारात नव्या कोणी करीत नाही. तरी टाकवत नाहीत, कारण आत काय आहे ते वरच्या कागदावर लिहिलेले आहे, आणि ते आपले आहे.

या डब्याचे काय करावे, हा वरवर पाहता किरकोळ प्रश्न. पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. माणसाने जे मिळवले, जे लिहिले, ते साठवायचे कशात, आणि साठवणीची तऱ्हा बदलली म्हणजे जुन्या साठ्याचे करायचे काय?

हरिपूरची पेवे

साठवणीचे शास्त्र सांगलीकरांना शिकवायला नको. हळदीची पेठ म्हणून सांगलीचे नाव देशभर आहे, आणि या हळदीची जुनी कोठारे जमिनीच्या वर नव्हेत, पोटात होती. सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात जमीन खोल खणून पेवे केलेली असत. तोंड अरुंद, पोट मोठे. हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची. आतली हवा संपली की कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. ना वीज, ना औषधाची फवारणी. पेव उघडल्यावर मात्र कोणी एकदम आत उतरत नसे. आधी कंदील सोडून पाहायचा. तो विझला तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही असे समजायचे आणि थांबायचे.

ही इतकी नामी व्यवस्था २००५ च्या महापुराने मोडली. कृष्णेचे पाणी पेवांत शिरले, हळद नासली आणि पुष्कळ पेवे कायमची निकामी झाली. पुढे व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. पेव वाईट होते असे नाही. काळ बदलला, नदीची वागणूक बदलली, आणि माल दुसरीकडे हलवावा लागला. माल हलवणारे तरले.

फ्लॉपीची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे.

ऐंशी वर्तुळांची चकती

फ्लॉपीचा जन्म १९७१ चा. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांना सुरुवातीच्या सूचना भरवण्यासाठी आठ इंच रुंदीची एक लवचीक चकती काढली. तिच्यात जेमतेम ऐंशी हजार अक्षरे मावत. १९७६ मध्ये शुगार्ट असोसिएट्स या कंपनीने सव्वापाच इंचांची चकती आणली. आपल्याकडे संगणकाचे पहिले वर्ग निघाले तेव्हा मुले कागदी पाकिटात घालून जपून नेत, ती हीच. १९८१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने साडेतीन इंचांची, कडक कवचाची चकती काढली, आणि १९८७ पासून तिचा १.४४ एमबीचा प्रकार जगभर रूढ झाला. आपल्या माळ्यावरचा डबा बहुधा हिचाच असतो.

कवच फोडून पाहिले तर आत एक पातळ, तपकिरी, वाटोळा पडदा निघतो. तो पॉलिएस्टरचा असून त्यावर चुंबकत्व धरणाऱ्या लोहसंयुगाचा लेप असतो. यंत्रात गेला की तो मिनिटाला ३०० फेरे घेतो, आणि एक बारीक टोक त्याला घासत अक्षरे लिहिते किंवा वाचते. पडद्याच्या प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळाचे १८ खण आणि प्रत्येक खणात ५१२ बाइट, अशी ही व्यवस्था. गुणाकार करून पाहा: १४,७४,५६० बाइट. आजच्या पद्धतीने देवनागरी लिहायचे तर एका चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे एका चकतीवर सुमारे ४ लाख ९१ हजार चिन्हे. एखादी तीनशे पानी कादंबरी तिच्यात सहज बसे. एक फोटो मात्र आज बसायचा नाही.

या चकतीची तीन वैरी आहेत: चुंबक, धूळ आणि दमट हवा. साताऱ्याच्या पश्चिमेकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिसऱ्या वैऱ्याविषयी सांगायला नको. पावसाळ्यात चामड्याच्या चपलांवर जी बुरशी चढते, तीच या पडद्यावरही चढते; कवचामुळे ती दिसत नाही इतकेच.

बोटभर लांबीचा वारस

फ्लॉपीला उतरती कळा लागली ती १९९८ पासून. ॲपल कंपनीने त्या वर्षी आपला आयमॅक हा संगणक बाजारात आणला आणि त्यात फ्लॉपीची खाचच ठेवली नाही. लोकांनी नावे ठेवली, पण खाच परत आली नाही. तिच्या जागी होते यूएसबीचे चपटे, आयताकृती भोक.

या भोकाची कथाही सांगण्याजोगी आहे. पूर्वी संगणकाला कळफलक एका ठिकाणी, छपाईयंत्र दुसऱ्या ठिकाणी, माउस तिसऱ्या ठिकाणी जोडावा लागे, आणि प्रत्येकाची तार निराळी. सगळ्यांना मिळून एकच खुंटी का असू नये, असा विचार करून काही कंपन्यांनी जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक जाहीर केले. इंटेल कंपनीत या कामात पुढाकार घेणारे अभियंते अजय भट्ट हे मूळचे बडोद्याचे, तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. आज घरातला फोन, छपाईयंत्र, मोटारीतला रेडिओ आणि टेबलावरचा पंखासुद्धा याच खुंटीला लटकतो.

खुंटी मिळाली, आता तिला टांगायला पिशवी हवी होती. ती २००० साली आली. सिंगापूरची ट्रेक कंपनी आणि इस्राएलची एम-सिस्टिम्स यांनी त्या सुमारास बोटाएवढ्या लांबीचे साठवणयंत्र विक्रीला आणले. आयबीएमच्या नावाने आलेल्या पहिल्या नगात ८ एमबी, म्हणजे साडेपाच फ्लॉप्यांचा ऐवज मावे. आपण त्याला पेन ड्राइव्ह म्हणू लागलो. आज दुकानात सर्रास मिळणारा ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्याच्या पोटातला मजकूर फ्लॉप्यांत भरायचा तर सुमारे २१,७०० फ्लॉप्या लागतील. एकावर एक रचल्या तर ढीग एकाहत्तर मीटरांवर जाईल, जवळजवळ कुतुबमिनाराएवढा.

पेन ड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नसते. जपानी शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका यांनी तोशिबा कंपनीत १९८० च्या दशकात शोधलेली 'फ्लॅश' स्मृती त्यात असते. सिलिकॉनच्या तुकड्यावर अब्जावधी सूक्ष्म कोठ्या, आणि प्रत्येक कोठीत विजेचे काही कण कोंडून चहूबाजूंनी लिंपलेले. म्हणजे पुन्हा पेवच! हरिपूरच्या पेवात हळद, या पेवात विजेचे कण. फरक इतकाच की हे पेव खिशात मावते.

सोनीने मार्च २०११ मध्ये जपानात फ्लॉपीची विक्री थांबवली. तरी जुने खोड लवकर मेले नाही. अमेरिकेच्या अण्वस्त्रांना आज्ञा पोचवणारी यंत्रणा २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपीवर चालत होती. जपानसारख्या पुढारलेल्या देशात सरकारी अर्ज फ्लॉपीवरच भरून द्यावेत असे सांगणारे नियम हजारावर होते. ते पुसून काढायला २०२४ साल उजाडले. तेव्हा एखाद्या गृहस्थाने पंचवीस फ्लॉप्या जपून ठेवल्या, म्हणून त्याला हसण्यात अर्थ नाही.

यंत्रशाळेतला बहुरूपी

घरातल्या माळ्यावर फ्लॉपी नुसती पडून असते. कारखान्यात तिच्यावाचून काम अडते. कापड विणणारे, भरतकाम करणारे किंवा लोखंड कातणारे संगणकचलित यंत्र एकदा घेतले की ते पंचवीस-तीस वर्षे चालावे, अशीच अपेक्षा असते. १९९० च्या दशकात घेतलेल्या अशा पुष्कळ यंत्रांना नक्षी किंवा मापे भरवण्याची सोय फ्लॉपीचीच होती. यंत्राचे लोखंड अजून ठणठणीत, मोटार चालू, पण फ्लॉपी वाचणारे टोक झिजलेले आणि नवी फ्लॉपी मिळेनाशी. केवळ एवढ्यासाठी लाखो रुपयांचे यंत्र भंगारात घालायचे काय?

यावर निघालेली तोड मोठी गमतीची आहे. फ्लॉपीच्या खाचेच्याच मापाची एक पेटी मिळते. जुने यंत्र काढून ती त्याच जागी बसवायची; मागची चौतीस तारांची पट्टी तीच, विजेची जोडणी तीच. पुढच्या बाजूला मात्र फ्लॉपीच्या फटीऐवजी यूएसबीचे भोक, दोन बटणे आणि आकडे दाखवणारी छोटी खिडकी. पेन ड्राइव्हचे शंभर किंवा हजार कप्पे पाडायचे, प्रत्येक कप्पा बरोबर एका फ्लॉपीएवढा. खिडकीत सात आकडा लावला की सातवी 'फ्लॉपी' आत गेली. यंत्राने वर्तुळ मागितले की पेटी त्याला वर्तुळ दिल्याचे भासवते. फ्लॉपी नाही, फिरणारा पडदा नाही, पण यंत्राला त्याचा पत्ता नसतो. गावोगाव हिंडणारा बहुरूपी फौजदाराचे सोंग असे बेमालूम वठवी की खरे गुन्हेगारही दचकत; हा तसाच बहुरूपी. त्याला एम्युलेटर म्हणतात.

पेटी बसवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. यंत्राची फ्लॉपी १.४४ एमबीची आहे की निम्म्या मापाची, ७२० केबीची, हे तपासावे; कारण चुकीचे सोंग यंत्र ओळखते. आणि जुन्या सगळ्या फ्लॉप्यांच्या प्रती आधी काढाव्यात. टोक पुरते झिजल्यावर बहुरूप्याला द्यायला संवादच उरत नाहीत.

ही युक्ती पाहून सांगली जिल्ह्यातल्याच एका जुन्या उद्योगाची आठवण होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा, लोखंडाने जमीन नासते, असा समज शेतकऱ्यांत होता, आणि पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळता मिळेना. पुढे हाच नांगर घरोघर गेला आणि १९१० साली उजाड माळावर वसलेली किर्लोस्करवाडी त्यावर उभी राहिली. नवा नांगर रुजला याचे एक कारण असे की तो जुन्या शेतात, जुन्याच बैलांमागे चालत होता. शेतकऱ्याला सगळा संसार बदलावा लागला नाही. चांगली सुधारणा बहुधा अशीच येते.

मात्र याच्या उलट धडाही याच मुलखात मिळतो. १९९८ मध्ये वारणानगरच्या आसपास, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांत, 'वायर्ड व्हिलेज' नावाचा गाजलेला प्रकल्प सुरू झाला. गावोगाव संगणक बसले. उत्पादकांना उसाचे वजन, उचल, खताचा हिशेब गावातच कळावा, हा हेतू. काही वर्षांत संगणक म्हातारे झाले, दुरुस्ती महागली. तेव्हा असे दिसून आले की लोकांना मुख्यतः चार आकडेच हवे असतात. मग काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइल फोनवर निरोप पाठवून तेच आकडे पुरवण्याचा प्रयोग झाला आणि तो जमला. जपायचे होते आकडे, यंत्र नव्हे. घरच्या डब्यालाही हीच कसोटी लावावी.

डबा उघडताना

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबीला जोडायचे बाहेरचे फ्लॉपी-यंत्र अजून मिळते. ते एकट्याने विकत घेण्यापेक्षा एखाद्या आळीने किंवा वाचनालयाने मिळून एक घ्यावे. काम एका रविवारचे असते. मात्र सव्वापाच इंची चकती या यंत्रात चालत नाही; तिला जुना संगणक किंवा जाणकार माणूसच गाठावा लागतो.

यंत्रात घालण्यापूर्वी फ्लॉपीची झडप सरकवून पडदा उजेडात पाहावा. पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी चकती घातली की घाण टोकाला चिकटते आणि पुढच्या चांगल्या चकतीला ओरखडे काढते. ती बाजूला ठेवावी. कोपऱ्यातली सरकपट्टी अशी सरकवावी की चौकोनी भोक उघडे दिसेल. म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. आणि संगणकाने, 'ही चकती फॉरमॅट करू का?' असे विचारले तर उत्तर 'नाही'. हा प्रश्न वाटतो सौजन्याचा, पण 'हो' म्हणणे म्हणजे घर झाडून देतो म्हणणाऱ्याला तिजोरीसुद्धा रिकामी करू देणे होय.

जुन्या संगणकातून काढलेली हार्ड डिस्क असेल तर काम सोपे. तिला यूएसबीची जोडणी देणारी केसिंग किंवा तार मिळते. पाठीमागे टाचण्यांच्या दोन लांब ओळी असतील तर ती जुन्या आयडीई पद्धतीची, अरुंद चपटी जीभ असेल तर नव्या साटा पद्धतीची. दुकानात जाताना डिस्कच हातात घेऊन जावे. लॅपटॉपमधली लहान डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते; टेबलावरच्या संगणकातील मोठीला वेगळी वीज लागते. चालू करताच टकटक असा आवाज आला तर तत्काळ बंद करावी आणि जाणकाराकडे न्यावी. हट्टाने पुन्हा पुन्हा चालवल्यास उरलेसुरलेही जाते. आणि जुना लॅपटॉप केवळ मंद झाला असेल तर टाकण्याची घाई नको. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की तो बहुधा पुन्हा धावू लागतो, आणि काढलेली डिस्क केसिंगमध्ये घालून प्रती ठेवायला होते.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. कृष्णाकाठच्या खेड्यांतून फिरून त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सांगणाऱ्या बायका तेव्हाच साठी-सत्तरीच्या. वह्यांवरून टंकून घेऊन त्यांनी ते काम अकरा फ्लॉप्यांत ठेवले, आणि पुढे वह्यांना वाळवी लागली. गेल्या वर्षी ते डबा घेऊन संगणकाच्या एका दुकानात गेले. दुकानातला मुलगा एकेक चकती घालीत गेला.

"गुरुजी, आठ निघाल्या. एक अर्धी आलीय. दोन गेल्या. बुरशी धरलीय."

"अरे, पण वरून तर कोऱ्या दिसतात!"

"वरून काय, गुरुजी, किडका आंबापण चांगलाच दिसतो."

गुरुजींनी गेलेल्या दोन चकत्यांवरची गावांची नावे वाचली आणि त्या तशाच खिशात ठेवल्या. त्या गावांतल्या सांगणाऱ्या बायकांपैकी आता कोणी हयात नाही. पुन्हा विचारायला जायचे तर दारच उरलेले नाही.

अक्षरे मिळाली, भाषा हरवली

गुरुजींची अडचण तेवढ्याने संपली नाही. निघालेल्या आठ चकत्यांतला मजकूर पडद्यावर उघडला तर ओव्यांऐवजी रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि चमत्कारिक चिन्हे यांचा काला! मराठी लिहिणाऱ्या घरांना ही अडचण हटकून येते, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे.

पूर्वीच्या संगणकी लिपीत एकंदर २५६ घरे असत. मराठीची जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या एवढ्यात बसवण्यासाठी श्रीलिपी, आकृती अशा प्रत्येक पद्धतीने आपापली मांडणी केली. एकाच्या घरात 'क' तर दुसऱ्याच्या त्याच घरात वेलांटी. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सरकारी मानक आले, पण छपाईच्या टंकांनी आपली वेगळी चूल मोडली नाही. ज्या टंकात लिहिले तो संगणकात नसला की मजकूर शाबूत असूनही वाचता येत नाही. युनिकोडने हा गोंधळ मिटवला. त्यात जगातल्या बहुतेक लिप्यांच्या चिन्हांना कायमचे क्रमांक आहेत. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक आता मिळतात. पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये. आपल्या गावाचेच नाव घ्या. 'साताऱ्याला' या शब्दातला अर्धा 'ऱ' मराठीचा खास. हिंदीला तो लागत नाही. परिवर्तकाची ठेच हमखास याच 'ऱ'ला लागते, आणि 'दऱ्या', 'वाऱ्या', 'शेतकऱ्याचा' हे सगळे शब्द बिघडतात. तेव्हा यंत्राने केलेले परिवर्तन माणसाने वाचून पाहिलेच पाहिजे. मूळ टंकाचे नाव चकतीच्या कागदावर लिहिलेले असेल तर तो कागद सोन्याच्या मोलाचा समजावा.

हा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके मोडीत लिहिले. छापखान्यात बाळबोध लिपी आली, शाळेतून मोडी गेली, आणि आज पुष्कळ घरांत पणजोबांची कागदपत्रे आहेत पण वाचणारा नाही. कागद टिकला, शाई टिकली, लिपी ओळखणारा डोळा गेला. फ्लॉपीच्या बाबतीत तर चकती, यंत्र आणि टंक अशा तीन कड्या आहेत, आणि त्यांतली एक तुटली तरी साखळी तुटते.

कड्या वेळेवर सांधल्या तर काय होते, हे याच जिल्ह्यात वाईला पाहावे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्या जाडजूड खंडांतला मजकूर पुढे युनिकोडमध्ये आणला गेला, आणि आज माणच्या एखाद्या वाडीतली मुलगीसुद्धा फोनवर तो फुकट वाचू शकते.

एक प्रत म्हणजे शून्य प्रती

सगळे पेन ड्राइव्हमध्ये आले की गंगेत घोडे न्हाले, असे मात्र नाही. कोंडलेले विजेचे कण वर्षे लोटतील तसे हळूहळू पाझरतात. दहा-दहा वर्षे न उघडलेला पेन ड्राइव्ह वाचता येईलच, अशी हमी कोणी देत नाही. शिवाय तो हरवतो, धोब्याकडे जातो. बाजारात खोट्या आकड्यांचा मालही मिळतो: वर ५१२ जीबी छापलेले, आत त्याचा दहावा हिस्साही नाही, भरलेला मजकूर गुपचूप वाया जातो.

आणि आपल्या भागात नदी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयात पाणी शिरले आणि दीड शतकाच्या संचितातली हजारो पुस्तके लगदा झाली. त्या आठवड्यात ज्यांनी घरे सोडली त्यांनी काय उचलले? दागिने, कागदपत्रांची पिशवी, औषधे. संगणक कोणी उचलला नाही आणि उचलायला वेळही नव्हता.

म्हणून जाणत्यांचा साधा नियम असा: महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. एक प्रत घरच्या संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी महाजालावरच्या साठ्यात किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे. सांगलीच्या बहिणीची डिस्क साताऱ्याच्या भावाच्या कपाटात आणि त्याची तिच्याकडे, अशी अदलाबदल करायला कसलेही तंत्रज्ञान लागत नाही. साताऱ्याच्या डोंगराला पूर येत नाही आणि बहीण-भावांचे येणे-जाणे तर असतेच.

पेवात उतरण्यापूर्वी कंदील सोडायची रीत होती, तशी इथेही हवी. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून पाहायची, दोन-चार फोटो, एक-दोन पाने खरोखर वाचायची. जुने होत चाललेले साधन दिसले की मजकूर नव्यावर हलवायचा. मगच जुनी चकती घराबाहेर काढायची, तीही भंगारवाल्याच्या पोत्यात नव्हे. हार्ड डिस्क आधी पुसून घ्यावी, आणि ई-कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावी. अशा वस्तूंची विल्हेवाट लावण्याचे सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत.

साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी ठिकठिकाणचे जुने कागद मिळवून नीट लावून ठेवले. त्यांच्यामागे तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला, म्हणून अभ्यासकांच्या उपयोगी पडला. त्यातले पुष्कळसे कागद लिहिताना कोणाला वाटले नसेल की आपण इतिहास लिहीत आहोत. एखाद्या कारकुनाचा हिशेब, एखाद्या सासूची खुशाली. आपल्या डब्यातली 'मुंजीची यादी' ही उद्याची तशीच खुशाली आहे. कोण आले होते, कोणाला काय दिले, कोणाचे नाव त्यानंतर कुठल्याच यादीत आले नाही, हे सगळे तिच्यात आहे.

सांगलीच्या पेठेत पाडव्याला नव्या वह्यांची पूजा होते. जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढून घेतल्याशिवाय व्यापारी जुनी वही बांधून ठेवीत नाही. ही रीत घरोघर उचलण्याजोगी आहे. यंदाच्या पाडव्याला फराळ झाल्यावर घरातल्या शाळकरी मुलाला आजोबांशेजारी बसवावे. त्याला यंत्र कळते, त्यांना माणसे कळतात. एकाने फोटो उघडावेत, दुसऱ्याने त्यातल्या माणसांची नावे सांगावीत, आणि ती नावे युनिकोडमध्ये, त्यातला 'ऱ' तपासून, लिहून ठेवावीत. चकत्या आणखी चार वर्षे थांबतीलही. नावे सांगणारा माणूस किती दिवस थांबेल, ते मात्र कुठल्याच डब्यावर लिहिलेले नसते.